सोबत छायाचित्रे पाच

विषय : मुलीची भेट मिळणेबाबत.
संदर्भ : डॉ. भार्गव उकिडवे यांचा दि. ९ रोजीचा अर्ज, मठाचा आवक क्रमांक ४१. सोबत छायाचित्रे पाच.

"पण मुलगी माझी असताना अर्ज कशाला लागतो?" डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"ट्रस्ट झाल्यापासून इथे नैवेद्यालासुद्धा आवक नंबर पडतो," दौलतबुवा म्हणाले. "बसा."

मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या त्या मठात खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर मांजर झोपलं होतं. त्याला उठवायचा ठराव अजून झाला नव्हता. डॉक्टर सतरंजीवर बसले. गुडघे कुरकुरले. सतरंजीवर बसायची वेळ त्यांच्यावर बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

रेवती चार वर्षांपासून मठाच्या शाळेत शिकवत होती. बुवांना ती गुरू मानायची. वडिलांशी बोलणं सहा वर्षांपूर्वीच बंद झालं होतं, आई गेली तेव्हापासून. त्या आठवड्यात डॉक्टर चिलीत होते. दुर्बिणीचा वेळ दोन वर्षांनी मिळाला होता आणि आकाश स्वच्छ होतं. म्हणून राहिले.

"रविवारी माझं विमान आहे," डॉक्टर म्हणाले. "तोवर काही कळेल?"

बुवांनी ते ऐकलं नसावं.

"तुम्ही करता काय, डॉक्टर?"

"दीर्घिकांचा अभ्यास."

"मराठीत सांगा."

"मराठीतच सांगितलं, बुवा. तारे वस्ती करून राहतात. आपली आकाशगंगा ही तशीच एक वस्ती. अशा अब्जावधी आहेत, त्या सगळ्या दीर्घिका. त्या वाढतात, आसपासच्या लहानांना गिळतात, आणि पुढे कधीतरी त्यांच्यात नवा तारा जन्मेनासा होतो. ते का, यात माझी बत्तीस वर्षं गेली."

"एकीला तरी वाढताना पाहिलंत?"

डॉक्टर हसले. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. व्याख्यानात या जागी ते पाणी प्यायचे.

"तेवढं आयुष्य कुणाला आहे? फार लांबच्या दीर्घिका आपल्याला त्यांच्या लहानपणी होत्या तशा दिसतात, कारण तिथला प्रकाशच तेव्हा निघालेला असतो. जवळच्या दिसतात त्या पोक्त. मग एक इथली घ्यायची, एक तिथली. वयाप्रमाणे ओळीत लावायच्या. मधलं गणितानं भरून काढायचं. की झालं एक आयुष्य."

"जुळतं?"

"सुंदर जुळतं."



बुवांनी अर्जाची टाचणी काढली आणि पाचही फोटो सतरंजीवर ओळीने मांडले. पाळण्यातली. फुगा धरलेली. सायकलवरची. गॅदरिंगच्या नऊवारीतली. पदवीच्या झग्यातली.

"सांगा."

डॉक्टरांचा आवाज लगेच व्याख्यानाचा झाला.

"ही सहा महिन्यांची, मी पहिल्यांदा पाहिली तेव्हाची. इथे चार वर्षांची. बघा, कशी बुजरी आहे. आणि ही आठची. एकदम धीट! मान बघा, हसणं बघा. मला विचाराल तर ती बदलली ती या सायकलीनं. पुढचा नाच, पदवी, सगळं त्यातूनच आलं."

"सायकल तुम्ही शिकवलीत?"

"नाही... मी तेव्हा जर्मनीत होतो."

बुवांनी सायकलवरचा फोटो उचलला आणि पालथा ठेवला.

"हा परत न्या. काल तिनं अर्ज पाहिला. ही तिची मावसबहीण आहे, मुग्धा. रेवतीला सायकल अजून येत नाही."

डॉक्टरांनी फोटो पुन्हा सुलटा केला. चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"घरातले चेहरे सारखे असतात," शेवटी ते म्हणाले.

"असतात."

"मागे नाव लिहायला हवं होतं कुणीतरी."

"हवं होतं."

बाहेर शाळेत पाढे चालू होते. तेराच्या पाढ्याला पोरं नेहमीप्रमाणे अडखळली.

"तिच्या आईनं, लीलानं, सुट्टीतले दहा-बारा फोटो पाठवले होते," डॉक्टर हळू म्हणाले. "मी त्यातला एक निवडला. हीच तेवढी हसत होती... तेवीस वर्षं माझ्या टेबलावर आहे, बुवा. कुणीही आलं की मी दाखवायचो. धीट आहे म्हणायचो. तिची काळजी नाही, म्हणायचो."

त्यांनी तो फोटो खिशात ठेवला.

"रेवती चिडली?"

"नाही. हसली. मग पोरांना शुद्धलेखन घातलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली."

"किती वेळ?"

"पोरांची दोन पानं झाली."

डॉक्टरांनी उरलेले फोटो गोळा करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. चारांच्या मधे आता एक मोठी मोकळी जागा दिसत होती. ती कशानं भरायची, याचं गणित त्यांना आठवेना.

घंटा झाली. पत्र्याच्या शेडमधून पोरं सांडली आणि त्यांच्या मागून एक बाई बाहेर आली. उंच, किरकोळ, कानामागे पांढऱ्या केसांची एक बट. कुणाच्या तरी शर्टाचं बटण लावायला ती खाली वाकली. डावा हात आधी पुढे आला.

"डावखुरी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत असेल, असं वाटलं होतं."

डॉक्टर अर्धवट उठले. बुवांनी अडवलं नाही, बसाही म्हणाले नाहीत. अंगण पंचवीस पावलांचं असेल. तिने एकदा इकडे पाहिलं... आणि पुढच्या पोराचं बटण लावायला घेतलं.

डॉक्टर खाली बसले.

"मी नवा अर्ज करू का, बुवा? चार फोटो लावून?"

"नको. आहे तोच चालेल."

"मग निर्णय?"

बुवांनी आवकाचं रजिस्टर पुढे ओढून पान पाहिलं.

"तो काल तिच्याकडे सोपवलाय. अजून तिच्याकडेच आहे."