राणी पद्मरेखेचे तीन रांजण

एका राज्यात जव इतके पिकत की सुगीला डोंगरही पिवळे दिसत. तेथे भद्रसेन राजा राज्य करी. सुगीच्या उत्सवात जवाची सुरा आधी राजा घेई, मग प्रजा घेई, आणि मगच पुढच्या पेरणीची बोलणी होत.

एके वर्षी धूम्रकेश नावाचा मांत्रिक दरबारात आला. म्हणाला, "राजा, राज्यातले अर्धे जव मला दे."

"जव पेरणाऱ्यांचे आहेत. मी कसे देऊ?" राजा म्हणाला.

मांत्रिकाने मूठभर राख फुंकली. राजा बसल्या जागी दगड झाला.

राणी पद्मरेखा उठून उभी राहिली. "उःशाप सांग."

"ताज्या सुरेचा घोट ओठांना लागला तर राजा जागा होईल. मात्र ती करणाऱ्या हातांनी आजवर दूधसुद्धा विरजलेले नसावे. तीन रांजण देतो. तिसरा नासला की आशा सोड."

त्या राज्यात घरोघर दही लागे. दूध कधी न विरजलेले हात एकट्या राणीचे होते.

सुराशाळेच्या आढ्यावर एक म्हातारी साळुंकी राही. ती बोले, यात कोणाला नवल वाटत नसे. राणीने तिला हात जोडले. साळुंकी म्हणाली, "जव भिजव, मोड आण, वाळव, भरड. कोमट पाण्यात मुरव, गाळ, उकळ. मग आंबवणाचा गोळा घालून झाक."

राणीने पहिल्या रांजणात जव भिजवून ढीग घातला आणि राजापाशी जाऊन बसली. चार दिवसांनी परतली तो मोडांना बुरशी. पहिला रांजण गेला.

"ढीग नव्हे, पसरायचे," साळुंकी म्हणाली. "आणि दिवसातून तीनदा वरखाली करायचे."

दुसऱ्या वेळी मोड पांढरे, टवटवीत आले. राणीला घाई झाली. तिने उकळत्या रसातच आंबवण टाकले. आठ दिवस रांजण मुका राहिला.

"आंबवण जिवंत असते, राणी. तू ते भाजलेस."

राणी त्या दिवशी जेवली नाही. मग उठली आणि तिसऱ्यांदा जव भिजवले. या खेपेस रसाचा थेंब मनगटावर घेऊन पाहिला, निवल्याची खात्री केली, मगच आंबवण घातले आणि फडके बांधले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दरबारातून हाक आली. आवाज राजाचा होता. "पद्मरेखे, रस नासला. ओतून दे."

राणीचे डोळे भरले. पाय दाराकडे वळले. पण ती थांबली आणि तिने रांजणाला कान लावला. आत बारीक फसफस चालली होती, हलक्या पावसासारखी.

"धूम्रकेशा," ती म्हणाली, "हा रांजण जिवंत आहे."

आवाज थांबला. पुन्हा आला नाही.

आठव्या दिवशी तिने फडके सोडले. वर बोटभर फेस होता. तिने वाटी भरली आणि दगडी ओठांना लावली. ओठ ओले झाले, मग मऊ झाले. राजाने घोट गिळला. त्याच क्षणी वेशीबाहेर धूम्रकेश राख होऊन वाऱ्यावर उडाला.

राजाने वाटीत पाहिले. "थोडी आंबट आहे."

"पहिलीच आहे, महाराज."

राजाने वाटी रिकामी केली आणि पुन्हा पुढे धरली. मग रांजण चौकात नेला. प्रजेने घोट घोट घेतला, आणि शेतकरी पेरणीच्या बोलण्यांना बसले.