टाकाऊ वाटीतली पेनी

फार पूर्वी, गलबतं शिडांवर चालायची तेव्हा, समुद्रकाठच्या एका गावात एक व्यापारी राहत होता. त्याला नाद होता जुन्या विलायती पेन्यांचा. बंदरात उतरणाऱ्या खलाशांकडून तो ही तांबूस नाणी घ्यायचा. एका बाजूला राणीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेऊन बसलेली बाई. वरवर सगळी सारखीच. पण कुठे कडेला मणी, कुठे दाते. कुठे बाईमागे दीपस्तंभ, तर कुठे नुसताच समुद्र. असा वेगळेपणा सापडला की स्वारी दिवसभर खुशीत असायची.

घरात नवी सून आली होती. तिचा नवरा गलबतावर दूर गेलेला. मार्गशीर्षातला गुरुवार आला. तिच्या माहेरची रीत अशी, की लक्ष्मीचा घट मांडायचा तर घरातलं तांबं-पितळ लखलखीत हवं. तिने समया घासल्या, ताम्हन घासलं, आणि मामंजींची पेटी उघडून सगळ्या पेन्याही चिंच-राखेने घासून काढल्या. देवीपुढे ताटात मांडल्या, तेव्हा त्या सोन्यासारख्या झळकत होत्या.

व्यापाऱ्याने ताट पाहिलं आणि एक पेनी उचलून उजेडात धरली.

"अगं, काय केलंस हे! जुन्या नाण्याचं मोल त्याच्या काळपट रंगात असतं. आज शहरातून नाण्यांचा जाणकार येतोय. त्याला काय दाखवू, चिंचेचं सार?"

"मामंजी, मला वाटलं, देवीपुढे मळकं कसं ठेवायचं..." सून म्हणाली.

"ज्या हाताला कळत नाही, तो हात माझ्या घरात नको. गाडी जुंपा! हिला माहेरी पोचवा."

सासूबाई मध्ये पडल्या. "अहो, पोरगा समुद्रावर आहे. आज घटाच्या दिवशी सून घराबाहेर काढलीत, तर उद्या तिला कोण मानाने परत आणणार?"

"बोललो ते बोललो," व्यापारी म्हणाला.

सून बोचकं घेऊन गाडीत बसली. गाडीवान बैल जुंपतच होता, तेवढ्यात जाणकार अंगणात आला. ओटीवर बसून त्याने एकेक पेनी उचलली आणि हळहळत खाली ठेवली. "घासल्या हो! मोल गेलं यांचं. आणखी काही आहे का?"

"आहे एक वाटी, पण टाकाऊ. ओरखडे पडलेल्या आहेत. तांबटाकडे वितळवायला द्यायच्यात."

"बघू तरी."

वाटी आली. जाणकाराने एक काळीकुट्ट पेनी उचलली. बाईच्या ढालीवरून कडेपर्यंत वाकडी रेघ गेली होती. त्याने तीवर नख फिरवलं, आणि त्याचे डोळे चमकले.

"शेटजी, याला ओरखडा म्हणता? ओरखडा खोल असतो, नख आत जातं. ही रेघ वर आलीय, हात लावून बघा. टांकसाळीत नाणी पाडायचा ठसाच तडकला होता, त्या भेगेत तांबं शिरलं आणि नाण्यावर ही रेघ उमटली. मग तो ठसा मोडीत काढला, म्हणून अशी नाणी फार थोडी. तुमच्या सगळ्या नाण्यांत ही एकच दुर्मिळ, आणि तुम्ही ती वितळवणार होता?"

व्यापाऱ्याने बोट फिरवलं. रेघ खरंच वर होती. इतकी वर्षं त्याने ती नुसती पाहिली होती, हात कधी लावला नव्हता.

सासूबाई पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता म्हणाल्या, "पाहुणे, आमच्याकडे रीतच आहे. डाग दिसला की बाहेर! ती बघा, दारात गाडी उभी."

जाणकाराला काही कळलं नाही. व्यापाऱ्याला मात्र कळलं. तो पेनी तशीच हातात धरून विचार करत राहिला. पोरीने माझं नुकसान केलं, हे खरं. पण आळसाने केलं का? उर्मटपणाने केलं का? पहाटे उठून, उपाशीपोटी, देवीसाठी केलं.

तो उठला आणि अनवाणीच गाडीपाशी गेला. "बैल सोड रे," तो गाडीवानाला म्हणाला. मग सुनेकडे वळला. "उतर पोरी. नाणी मला हवी होती तशी राहिली नाहीत, त्याचं वाईट वाटतंय, ते वाटणारच. पण तुला बोललो ते त्याहून वाईट होतं."

सुनेने डोळे पुसले. "मामंजी, यापुढे विचारल्याशिवाय पेटीला हात लावणार नाही."

"लाव की. कोणती घासायची नाही, ते मी दाखवीन. आता आत चल, घटाची आरती राहिलीय, आणि पाहुणे जेवायला थांबलेत."

त्या संध्याकाळी व्यापारी पहिल्यांदाच घटासमोर शेवटपर्यंत बसला.

तात्पर्य एवढंच, की कुणात उणं दिसलं तर त्याला टाकून देण्याआधी मायेने हात फिरवून पाहावं. ते उणं आलं कुठून, हे नुसत्या नजरेला कळत नाही.