गंगी म्हशीचं माप

फार पूर्वी जंगलात दर मंगळवारी बाजार भरायचा. मानाची जागा मिळाली नाही म्हणून चिडलेल्या रानरेड्यानं एकदा गाडीसकट बाजारात मुसंडी मारली. सुतारपक्ष्याचं दुकान पार चिरडलं. तो बिचारा उडाला म्हणून वाचला.

"काटेरी कुंपण घाला!" साळिंदर ओरडलं. घातलं. मग मेंढ्यांची लोकर काट्यांत अडकली, गिऱ्हाईक बाहेर राहिलं आणि भाजी आत सुकली.

शेवटी हत्तीणमावशीनं ओढ्यातल्या मोठाल्या शिळा आणल्या. गाभण गंगी म्हशीला वाटेत उभं केलं आणि तिच्या पोटाच्या मापानं अंतर ठेवून वाटभर शिळा खोल पुरल्या. "ही गेली की सगळे जातील. गाडी मात्र नाही."

"आणि मावशी, तू गं?"

"मी बाहेरून सोंड घालीन!" सगळे हसले. गंगी लाजली.

पुढच्या मंगळवारी रेडा पुन्हा गाडी घेऊन सुसाट आला आणि धाडकन शिळेवर आदळला. चाक निखळून ओढ्यात गेलं. गाडी तिथंच टाकून तो लंगडत, शिळांमधून मुकाट्यानं आत आला.

"इथं सुतार कुठं बसतो?"

उघड्यावर बसलेल्या सुतारपक्ष्यानं चोच पुसली. "ये. आधी माझं दुकान उभं कर, मग तुझं चाक बघतो."