डाव्या चाकातला धाकटा

“दादा दमलाय का, असं कधी कुणी विचारलं?”

पाने-पकडी बोलत त्या काळची गोष्ट. पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकाला इंजिनाच्या जोराशी जोडणारा धाकटा लॉक गॅरेजात विचारत होता. चिखल आला की दोघे भाऊ आपोआप लागत आणि पुढची चाकं ओढू लागत. परवा उजवीकडचा थोरला ओढता ओढता तुटला. आता दोघांच्याही जागी हातानं फिरवायच्या लॉकची नवी जोडी बसणार होती.

धाकट्यानं बोल्ट गच्च धरले. “दादाच्या जागी कुणी नको!”

“अरे येड्या, आम्ही मालकाला चिखलात उतरवतो,” नवा लॉक हसला. “त्यानं हात लावल्याशिवाय आम्ही हलतच नाही.”

“दरवेळी हात लावतो?”

“पँट दुमडून!”

रडता रडता धाकट्याला हसू फुटलं. त्यानं बोल्ट सोडले आणि निघताना अंगातलं सगळं ग्रीस नव्यांसाठी मागे ठेवलं.