दहा सेकंदांची कळ

“...मग मामा, नवशिक्यानं यातला कुठला घ्यावा?”

काउंटरवर रोलचे तीन जुने कॅमेरे ओळीने मांडलेले. तिन्ही खिशाला परवडणारे. ऋत्विजने विचारलं खरं, पण उत्तर त्याच्या मोबाइलमध्ये आधीच तयार होतं. पंधरा दिवस वाचवाचून त्याने यादी केली होती. कुठल्याचं उजेड मोजायचं मीटर भरवशाचं, कुठल्याच्या लेन्स स्वस्तात मिळतात, सगळं तोंडपाठ. रोलवर फोटो मात्र अजून एकही काढलेला नव्हता.

बोंद्रेमामांनी चष्मा कपाळावर सरकवला. कोल्हापुरात चाळीस वर्षं ते कॅमेरे दुरुस्त करत होते. यादीवाली गिऱ्हाइकं त्यांना नवीन नव्हती.

“पावणं कुठलं म्हनायचं?”

“पाहुणा नाही. इथलाच आहे मी.” ऋत्विज जरा चिडूनच म्हणाला. “पुण्याला असतो. सहा वर्षं झाली, आलो नव्हतो.”

“म्हंजे पावणंच की.”

ऋत्विजला ते लागलं.

“फोटू कुनाचा काढायचा?”

“वडिलांचा. आजारी आहेत... डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत.”

मामांनी तिन्ही कॅमेरे त्याच्या बाजूला सरकवले.

ऋत्विजने सगळ्यात चकचकीत कॅमेरा पुढे ओढला. “याला लांबची लेन्स बसते. दारातूनच काढता येईल. त्यांना कळणारसुद्धा नाही.”

“जवळनं काढाय काय हुतंय?”

ऋत्विज शर्टाच्या टोकाने लेन्सची काच पुसत राहिला.

“काय झालं?”

“बोलत नाही आम्ही.”

हे त्याने आजवर कुणाजवळ उघड म्हटलं नव्हतं. घरी येऊन चार दिवस झाले होते. रोज तो वडिलांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जायचा. खाट तिथून चार पावलांवर. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, आणि हा तसाच मागे फिरायचा.

मामांनी तिन्हीतला सगळ्यात पोचे पडलेला कॅमेरा उचलून त्याच्या हातात दिला.

“याचं तर मीटर बंद आहे,” ऋत्विज लगेच म्हणाला.

“असू दे. ह्यातनं माझ्याकडं बघा... आन् दाबा.”

खटॅक.

“काय दिसत हुतं?”

“तुम्ही.”

“दाबल्यावर?”

“काही नाही. क्षणभर अंधार. आत आरसा असतो, फोटो घेताना तो वर उचलला जातो. चांगल्या कॅमेऱ्यात तो अंधार जरा कमी...”

“समद्यात असतोय.”

मामांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे एक फोटो टांगलेला होता. उशीला टेकून बसलेली एक बाई, केस विस्कटलेले, गाल बसलेले. थेट समोर बघून हसत होती.

“आमची मंडळी. जायच्या आदल्या आठवड्यातली. आठ दिवस मी डोळ्यावरनं कॅमेरा खाली घेतला न्हाई. एक दिवस शेजारीण वरडली, ‘मामी हसल्या बघा!’ मी म्हटलं, कवा?”

ऋत्विजने फोटोकडे निरखून पाहिलं. “पण आल्यात की फोटोत. तुमच्याकडेच बघून हसल्यात.”

“आली की. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसत्या. माझ्याकडं बघून हसली... आन् मला तेवढंच दिसलं न्हाई.”

यादीतलं काहीच आता ऋत्विजला आठवेना.

मग मामांनी तो पोचे पडलेला कॅमेरा परत घेतला. काउंटरवर, ऋत्विज बसला होता त्या बाकाकडे तोंड करून ठेवला. त्याच्या पुढच्या अंगाला एक बारीक कळ होती, ती खाली ओढली, बटण दाबलं. कॅमेरा घरघरायला लागला. मामा गुडघ्यांवर हात टेकत काउंटरमागून बाहेर आले आणि बाकावर ऋत्विजच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असे बसले. समोर ती कळ हळूहळू वर सरकत होती. दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

खटॅक.

“त्या दोन्हीच्या कळा मेल्यात,” मामा म्हणाले. “ह्याची चालत्या.”

ऋत्विजने मान वर केली नाही. त्याचे डोळे भरून आले होते. “बटण दाबल्यावर किती वेळ देते?”

“धा सेकंद.”

मामा उठले. कॅमेऱ्यात रोल भरला, झाकण लावलं, पट्टा ऋत्विजच्या गळ्यात घातला. हात तसाच त्याच्या खांद्यावर राहिला.

“धा सेकंदांत बाबांच्या शेजारी पोचशील न्हवं, पोरा?”