बिनघंटेची उंबरजाई

उंबरदरीच्या उंबरजाईला घंटा नाही. पाहुणा पायऱ्या चढून येतो, सवयीने हात वर करतो आणि रिकामी साखळी बघून थबकतो. मग देवळाचं बघणाऱ्या यमुनाकाकू हसून म्हणतात, "खाली बघून या हो. आमची घंटा पायाखाली असते." उंबऱ्याबाहेर चिरबोटीच्या वाळक्या टरफलांचा थर असतो. पाऊल पडलं की चुरचुरतो, मधूनच फट्कन वाजतो. पाहुणे ओट्यावर टेकले की काकू गोजराची हकिगत सांगतात.

फार मागची गोष्ट. गोजराचा नवरा हैबती देवळाचा गुरव. आईच्या नैवेद्याचं सार करायला त्याने आवारात चिरबोटीचा वाफा लावला होता. कागदासारख्या पातळ टरफलात दडलेली, बोराएवढी आंबट फळं. एका दसऱ्याला लुटारूंची टोळी आली. हैबतीने गावाला जागं करायला घंटेचा दोर धरला, तो सोडलाच नाही. गालावर व्रण असलेल्या एकाने त्याचा गळा चिरला, तरी म्हणे घंटा दोनदा वाजली. वेशीवर सात माणसं कापली गेली, घरं जळाली आणि टोळीने जाताना घंटाही उतरवून नेली.

गोजराने रक्ताने भिजलेल्या उंबऱ्यावर कपाळ टेकलं. "आई, हे ज्याने केलं तो इथेच पडलेला मला दाखव. तोवर मी वाफ्यातलं काही खुडणार नाही. तू आपल्या हाताने खाली टाकशील तेवढंच शिजवीन."

तेव्हापासून ती वाफ्याला पाणी घाली आणि गळून पडलेली चिरबोटी तेवढी वेची. सोलून सार करी, टरफलं उंबऱ्याशी ठेवी.

सासू म्हाळसाबाई करवादायची, "अगं, देवीच्या दारात कसला उकिरडा मांडलास? झाड ते!"

"नाही आत्याबाई. नवस फिटेपर्यंत यातलं एक टरफल बाहेर जायचं नाही."

मार्गशीर्षात उत्सवाच्या सकाळी दाट धुकं होतं. गाव गाभाऱ्यापुढे आरतीला जमलेलं, गोजरा दाराआड चुलीपाशी. घंटा नाही हे ठाऊक असल्याने टोळी दबकत वर आली. आणि उंबऱ्याशी चुरचुर झाली. फट्. फट्.

"आले!" गोजरा किंचाळली आणि उकळत्या साराची हंडी तिने पहिल्या तोंडावर रिकामी केली. कातडी सोलून निघालेला तो माणूस मागच्यांवर कोसळला. दसऱ्यापासून हाताशीच ठेवलेले विळे घेऊन बायका, कुऱ्हाडी घेऊन पुरुष तुटून पडले. पायरीवर हात तुटले, डोकी फुटली, टरफलांचा लाल चिखल झाला. उरलेले पळाले. उंबऱ्यात एकच जण तडफडत राहिला, पोटात विळा रुतलेला. गालावर व्रण.

गोजराने पाट्यावरचा वरवंटा उचलला.

"हाण, गोजरे!" म्हाळसाबाई ओरडली. "माझ्या लेकाला यानेच मारलं! आईने दिलाय, घे!"

वरवंटा वर गेला. त्याची छाती हलत होती. गोजरा बघत राहिली.

"आत्याबाई, हा पडलाय खरा," ती म्हणाली, "पण अजून देठाला आहे. मी खुडणार नाही."

वरवंटा खाली ठेवून ती बसली. हंडीच्या तळाशी राहिलेलं सार तिने त्याच्या ओठाला लावलं. म्हाळसाबाईने आधी तोंड फिरवलं. मग तीच पाण्याचा तांब्या घेऊन आली. दिवस मावळताना तो आपसूक गळला, असं सांगतात. त्याला वाफ्याच्या कडेला पुरलं. त्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर टोळी दरीत उतरली नाही. गावाने नवी घंटा करायची ठरवली, तेव्हा गोजरा म्हणाली म्हणे, "आईला तिची घंटा सापडलीय."

आजही उंबरदरीत कुणी चिरबोटी खुडत नाही, पडलेली वेचतात. उत्सवाला साराची पहिली वाटी दारात उभ्या अनोळखी माणसाला देतात आणि त्याचं नाव विचारत नाहीत. एवढं सांगून काकू वाटी पुढे करतात. "घ्या. आंबट आहे, पण आईने स्वतः टाकलेलं आहे."