नैवेद्याआधीचा भुरका

इनामदार रंगरावांना गावातल्या प्रत्येकाची चूक दिसायची. भैरोबालाही इतकं बारीक दिसत नसावं.

भैरोबाच्या भंडाऱ्याला पोटुशी कोंडाबाई सकाळपासून पुऱ्या लाटत होती. भूक अनावर झाली आणि नैवेद्य दाखवण्याआधीच तिने एक पुरी खाल्ली. झालं! रंगरावांनी भर मांडवात निवाडा दिला, "देवाच्या आधी तोंड चालवणारी बाई पंगतीला बसणार नाही. यंदाच नाही, कधीच नाही!"

कोंडाबाई रडू लागली. स्वयंपाकावर देखरेख करत होत्या रंगरावांच्या सासूबाई, गोदाक्का. त्या उठल्या आणि वाटीत आमटी घेऊन आल्या.

"जावईबापू, तुमच्यासारखी पारख गावात दुसऱ्या कोणाला आहे? मीठ बरोबर पडलंय का, तेवढं सांगा."

रंगराव फुलले. भुरका मारून म्हणाले, "किंचित कमी आहे."

"घालते हं. नैवेद्य दाखवायचाय अजून."

सगळ्या मांडवाच्या माना रंगरावांकडे वळल्या. आमटी रंगरावांच्या मिशीवर तशीच राहिली.

"तिला भूक आवरली नाही, तुम्हाला कौतुक," गोदाक्का म्हणाल्या. "आता तिला पंगतीत बसवायचं, की तुमचंही ताट घरी पाठवू?"